जुनं एचिंग (तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र): बागेतली मंडळी, मोर, ससा, बैलाचं जू आणि शिंगवाला दगडी खांब. हे काय आहे?

काचपट्टी_कुडाळ

नमस्कार मंडळी. माझं कुडाळात फ्रेमिंगचं दुकान आहे. रोजचं काम म्हणजे पूर्वजांचे फोटो, लग्नाचे मोठे प्रिंट, स्वामी, साईबाबा, आणि चतुर्थी जवळ आली की गणपतीच्या तसबिरी. परवा वेंगुर्ल्याचे एक गृहस्थ घरातली जुनी तसबीर घेऊन आले. पट्टी वाळवीने पोखरलेली, काच तडकलेली. "नवी पट्टी मारून द्या, बाकी काही नको," म्हणाले. मागचे खिळे काढून चित्र बाहेर घेतलं आणि हातातलं काम तसंच राहिलं.

काळ्या शाईचं आहे, रंग अजिबात नाही. रुंदी दीड फुटाच्या आत, उंची फूटभर. चित्राभोवती कागदात चौकोनी दाब उमटलाय, बोट फिरवलं की लागतो. डावीकडे कारंजं, त्यावर उघडी दगडी बाई, तिच्या स्तनांतून पाण्याच्या धारा. ती एका जाड ओठांच्या, शेपूट वर वळवलेल्या माशावर बसलीय. कारंज्याच्या काठावर मोर. मागे गुहेसारखी कमान, तिच्यात तीन बायका एकमेकींच्या गळ्यात हात टाकून उभ्या. मधे बरीच जोडपी, फुगीर बाह्या, रुंद टोप्या, पुरुषांच्या कमरेला तलवारी, एक जण तंतुवाद्य वाजवतोय. सगळे कारंज्याच्या दिशेने चाललेले. पंखवाली नागडी पोरं सगळीकडे: एकाच्या हातात मशाल, एकाच्या खांद्यावर चक्क बैलाचं जू, दोघं एकमेकांना फळं मारताहेत, तिघं सशाच्या मागे लागलेत. उजव्या टोकाला चौकोनी दगडी खांब, वर दाढीवाल्याचं डोकं, त्याला शिंगं. खांबावर द्राक्षाचा वेल, खाली टोपलीत द्राक्षं आणि धान्याची कणसं. एका बाईच्या पायाशी छोटं कुत्रं.

गृहस्थांना ही तसबीर पुतण्याच्या लग्नात द्यायचीय. त्यांच्या आईचा सक्त विरोध, "असली उघडी बाई लग्नात देतत?" घरात अशीही एक गोष्ट चालत आलीय की हे चित्र वेंगुर्ल्याच्या डच वखारीतून आलं. मला विचारतात, तुम्ही रोज चित्रं हाताळता, तुम्हीच सांगा. दुकानातला माझा कारागीर म्हणतो, तो शिंगवाला राखणदार आहे. फोटो खाली टाकलेत, एक सरळ, एक तिरक्या उजेडात. कुणी सांगेल का, या सगळ्याचा मिळून काही अर्थ होतो की नुसती गर्दी आहे?

देवगडचो_झील

माका ह्यातला काय एक कळाक नाय, पण ससो मात्र वाचूक व्हयो. आणि आजयेक सांगा, कपडे घातलेले जास्त वाईट वागतहत ह्या चित्रात. 😄 खऱ्या उत्तरासाठी सावंतवाडीच्या गुरुजींची वाट बघा.

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर

ताई, फोटो उत्तम. तिरक्या उजेडातला तर फारच. मी सावंतवाडीचा, हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या मुलांना या विषयात रस नसतो आणि घरच्यांनी माझं बोलणं ऐकणं कधीच सोडलंय, तेव्हा उत्तर लांबणार.

एक विनंती, मोरापासून सुरुवात करू नका. लोक चिन्हांची यादी उघडतात: मोर म्हणजे ज्युनो, ससा म्हणजे संतती, कुत्रं म्हणजे निष्ठा, झालं चित्र वाचून. तशी यादी त्या काळी खरोखर होती. चेझारे रीपा या इटालियन माणसाचा 'इकोनोलोजिआ' हा ग्रंथ रोममध्ये 1593 साली निघाला, 1603 ची आवृत्ती सचित्र, 1644 मध्ये डच भाषेतही आला. चित्रकारांच्या हाताशी तो असायचा. पण खूण एकटी काही बोलत नाही, तिच्या शेजारी कोण आहे त्यावर सगळं असतं. आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळात, 120 पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. राजाच्या पानावर अवतार स्वतः असतो, आकड्यांच्या पानांवर नुसत्या त्याच्या खुणा. तिथे परशू दिसला की परशुराम. तोच परशू लाकूडतोड्याच्या खांद्यावर असेल तर कोण हात जोडतो?

तर आधी जागा बघू. कारंज्यावरची बाई व्हीनस, प्रेमाची देवी. ग्रीक कवी हेसिअडच्या कथेत ती समुद्राच्या फेसातून जन्मते, म्हणून खाली डॉल्फिन. ही मंडळी डॉल्फिन जुन्या रोमन शिल्पांवरून काढत, समुद्रावर जाऊन नव्हे, त्यामुळे तारकर्लीला होडीतून दिसतो तो प्राणी इथे शोधू नका. स्तनांतून पाणी म्हणजे ही नुसती मोहात पाडणारी व्हीनस नाही, पोसणारी आहे. आजींना एवढं नक्की सांगा.

ही व्हीनस, कमानीतल्या तिघी, मोर आणि जू, चारही एकत्र एका जगप्रसिद्ध चित्रात आहेत: अँटवर्पच्या पीटर पॉल रुबेन्सचं 'प्रेमाची बाग', साधारण 1630 ते 1635 मधलं, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात. रुबेन्सची पहिली बायको 1626 मध्ये वारली. डिसेंबर 1630 मध्ये, 53 व्या वर्षी, त्याने 16 वर्षांच्या एलेन फूरमाँशी लग्न केलं. (वयाचं अंतर बघून आज आपण काय म्हणू ते म्हणू.) त्यानंतरच्या काळातलं हे चित्र. त्याच विषयावर रुबेन्सने रेखाटनं केली आणि क्रिस्टोफेल येगरने ती लाकडी ठशात कोरली, म्हणजे ही कल्पना कागदावरून पुष्कळ फिरली. तुमचं एचिंग त्या चित्राची नक्कल नाही, मांडणी वेगळी आहे. पण करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रुबेन्स होता, यावर मी पैज लावतो.

आता जू. दोन बैल एका जुवाखाली, म्हणजे विवाह. हे समजवायला आपल्याकडे कुणाची गरज नाही. मशाल विवाहदेव हायमेनची, ज्वाळा वर आहे म्हणून. खाली विझवलेली असती तर अर्थ उलटा झाला असता. मोर ज्युनोचा. ती देवांच्या राजाची पत्नी आणि लग्नाची पालक. शंभर डोळ्यांचा पहारेकरी आर्गस मारला गेल्यावर तिने त्याचे डोळे मोराच्या पिसाऱ्यावर लावले, असं रोमन कवी ओव्हिड सांगतो. एरवी मोर पाहून मी सरस्वतीच म्हणेन, पण जू आणि मशाल शेजारी असल्यावर तो ज्युनोचाच. कमानीतल्या तिघी ग्रेस-भगिनी, ग्रीक-रोमन पुराणातल्या तीन देवी. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने त्यांचा अर्थ लावलाय: एक देते, एक घेते, एक परत करते, म्हणून हात गुंफलेले. संसाराचं यापेक्षा चांगलं वर्णन मला तरी माहीत नाही.

मग सशाचं काय? हा धागा वेगळा आणि माझ्या मते सगळ्यात गंमतीचा. फिलोस्ट्राटस नावाच्या ग्रीक लेखकाने इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात एका चित्रदालनाचं वर्णन लिहिलं. त्यातल्या एका चित्रात सफरचंदांच्या बागेत मदनबाळं फळं गोळा करतात. दोघं एकमेकांकडे फळं फेकतात, तो म्हणतो ही प्रेमाची सुरुवात. दुसरे दोघं एकमेकांवर बाण सोडतात, ते जडलेलं प्रेम पक्कं करायला. आणि झाडाखाली ससा, तो बाणाने मारायचा नाही, जिवंत धरून देवीला वाहायचा. म्हणजे देवगडकर, तुमचो ससो वाचता! इटालियन चित्रकार तिशियनने हे वर्णन वाचून 1518-19 च्या सुमारास फेराराच्या ड्यूकसाठी जसंच्या तसं चित्र केलं. ते पुढे रोमला आणि तिथून स्पेनला गेलं. रुबेन्सने त्याची नक्कल केली, ती आज स्टॉकहोममध्ये आहे. तेव्हा तुमच्या चित्रातली फळं मारणारी पोरं नुसती दंगा करत नाहीत, सतराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका परिच्छेदातून उतरून आलीत.

शिंगवाल्याकडे येतो. तुमच्या कारागिराला माझ्याकडून चहा पाजा. असल्या खांबाला हर्म म्हणतात. मुळात तो हर्मीस देवाचा, अथेन्समध्ये शिवेवर, रस्त्याकडेला, दारात उभा असे. इसवी सनपूर्व 415 मध्ये सिसिलीवर आरमार निघण्याच्या तोंडावर एका रात्रीत शहरातल्या अशा खांबांची तोंडं कुणीतरी फोडली आणि अख्खं शहर अपशकुनाने हादरलं. रोमनांच्या बागांत हे काम प्रायापसकडे आलं, चोर आणि पाखरं हाकलायला लाकडाचा उभा केलेला देव. इथल्याला शिंगं आहेत म्हणून हा पॅन, रानाचा, शेळ्यामेंढ्यांचा, अनावर वासनेचा देव. द्राक्षं मद्यदेव बाखसची, कणसं धान्यदेवी सेरेसची. अन्न आणि मद्य नसेल तर प्रेम गारठतं, अशी जुनी रोमन म्हण आहे, ती रोमन नाटककार टेरेन्सच्या नाटकात येते.

म्हणजे एका टोकाला पॅन, दुसऱ्या टोकाला जू, मोर आणि पोसणारी व्हीनस. मधली माणसं एकाकडून दुसऱ्याकडे चाललीत. लग्नात द्यायला यापेक्षा योग्य चित्र सापडणार नाही. फक्त एक गोष्ट मला खटकते. मंडळी उजवीकडून डावीकडे का चाललीत? रुबेन्सकडे डाव्या टोकाला एक मदनबाळ बाईला पाठीमागून ढकलतंय आणि व्हीनस उजव्या बाजूला आहे. तिथे सगळा ओघ उजवीकडे जातो.

शाईचे_हात

सर, नमस्कार. मी देवरुखची, प्रिंटमेकिंग करते. खटकलेल्याचं उत्तर तलवारीत आहे. फोटो मोठा करून बघा, सगळ्या पुरुषांच्या तलवारी उजव्या कमरेला आहेत. आणि वादक डाव्या हाताने छेडतोय. एका चित्रात एवढे डावखुरे जमणार नाहीत.

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने तो खरवडून रेघ काढतात, आम्लात बुडवलं की उघड्या रेघा खोल जातात. त्यात शाई भरून, वरची पुसून, ओल्या कागदावर दाबयंत्रातून काढलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. तो चौकोनी दाब म्हणजे पत्र्याची कड. जाणकार एचर चित्र पत्र्यावर आधीच उलटं उतरवतो. या माणसाने समोरचं चित्र सरळ उतरवलेलं दिसतंय, म्हणून छपाईत बाजू बदलल्या. मूळ चित्रात पॅन डावीकडे आणि व्हीनस उजवीकडे असणार, तुम्ही म्हणता तोच ओघ.

मात्र ताई, हे एचिंगच आहे असं अजून मी म्हणणार नाही. भिंग घेऊन बघा. छोट्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ते पुस्तकातलं छापील पान, विषय संपला. रेघांची टोकं बोथट आणि जाडी साधारण सारखी असेल तर एचिंग. रेघ मधे फुगून टोकाला निमुळती होत असेल तर ती ब्युरिन नावाच्या टोकदार हत्याराने कोरलेली. एकाच पत्र्यावर दोन्ही सापडणं अगदी नेहमीचं. मग कागद खिडकीशी धरा. जुन्या हातकागदात साच्याच्या तारांच्या रेषा दिसतात, बारीक जवळजवळ आणि त्यांना आडव्या, लांब अंतरावर जाड. विणलेल्या जाळीचा गुळगुळीत कागद 1750 नंतरच आला. पण रेषा दिसल्या म्हणजे जुना, असंही नाही, तसा कागद आजही बनतो. शिवाय एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या अमाँ-द्युराँसारखे लोक जुन्या एचिंगच्या फोटोवरून तांब्याचे पत्रे करून हुबेहूब प्रती काढत. त्यांनाही पत्र्याची कड उमटते.

वखारीबद्दल: डच लोक वेंगुर्ल्यात आले ते सतराव्या शतकातच, म्हणजे रुबेन्सच्याच जमान्यात, आणि गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला त्यांना ते बंदर सोयीचं होतं. त्यामुळे गोष्ट अशक्य नाही. पण वखारीच्या भिंतीसुद्धा आज धड उभ्या नाहीत, तिथला कागद आपल्या पावसाळ्यांतून सलग टिकून एका घरात यावा, हे मला जड जातं.

तळाशी अक्षरं दिसतायत, ती जुन्या माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, झाकली होती का? 'इन्व्हेनिट' म्हणजे कल्पना कुणाची, 'स्कल्पसिट' किंवा 'फेकिट' म्हणजे पत्रा कुणी केला, 'एक्स्कुडिट' म्हणजे प्रकाशक. ती वाचता आली तर बरंच सुटेल.

मारियाची_वाडी

मी मालवणची, कॅथलिक घरातली. गुरुजींचं वाचन आवडलं, पण एक सांगते. भिंतीने बंद केलेली बाग, कारंजं, गुलाब ही सगळी मारियेची चिन्हं आहेत, बायबलातल्या गीतरत्नातून आलेली. बंद बाग म्हणजे तिचं कौमार्य. मोरसुद्धा आमच्याकडे अमरत्वाचा असतो. मग हे चित्र देवळातलं नाही हे कशावरून? रुबेन्स तर कट्टर कॅथलिक होता.

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर

बाई, तुम्ही मुद्द्यावर बोट ठेवलंत. रुबेन्सने चर्चसाठी ढीगभर वेदीचित्रं केली आणि त्यांत गुलाब आले की ते बहुधा मारियेचे. पण इथे कारंज्यावर नग्न व्हीनस आणि कोपऱ्यात शिंगवाला पॅन आहे. पॅन दाराशी उभा असताना बाग मारियेची होत नाही. चित्र काढणाऱ्याला मारियेची बाग माहीत नव्हती असं मात्र समजू नका. ज्याने रविवारी ती वेदीवर पाहिली, त्याने सोमवारी तेच कारंजं व्हीनसला दिलं. बघणाऱ्यालाही दोन्ही आठवत असणार, आणि त्यातली थोडी खोडी त्याला कळत असणार. बरोकमधली, म्हणजे रुबेन्सच्या काळातल्या कलेतली, ही उधार-उसनवार मला धर्मशास्त्रापेक्षा जास्त खरी वाटते.

शाईचे_हात, तलवारीला दाद. पण गिऱ्हाइकाने विकत घेतलं ते छापलेलं पान. त्याला मंडळी डावीकडेच जाताना दिसली आणि कुणी तक्रार केल्याचं दिसत नाही.

शाईचे_हात

सर, गिऱ्हाइकाला दिसलं म्हणजे चित्रकाराच्या मनात होतं असं होत नाही ना. येगरने लाकूड कोरायच्या आधी रुबेन्स स्वतः रेखाटनं करून देत होता. छपाईत काय उमटेल याकडे त्याचं लक्ष होतं. याचं नव्हतं. मी याला दुसऱ्या फळीतला कारागीर म्हणेन.

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर

दुसऱ्या फळीतला मान्य. पण ससा फार सुंदर काढलाय हो त्याने.

काचपट्टी_कुडाळ

सगळ्यांचे आभार. भिंगातून पाहिलं, ठिपके नाहीत. झाडांच्या रेघा बोथट टोकांच्या, कपड्यांच्या काही रेघा मात्र निमुळत्या आहेत. खिडकीशी धरल्यावर कागदात तारांच्या रेषा दिसतात. पाणचिन्ह (वॉटरमार्क) म्हणावं असं काही नाही. खालची अक्षरं आधीच्या फ्रेमवाल्याने माउंट चिकटवून झाकली होती आणि गोंदाने कागद तिथे तपकिरी झालाय. शेवटचं 'एक्स्क' एवढं लागतं, त्याआधीचं नाव नाही.

गृहस्थांना तुमचं सगळं वाचून दाखवलं. आजी दुकानात सोबत आल्या होत्या. पोसणारी देवी म्हटल्यावर त्या जरा नरमल्या, पण आता त्यांचा आक्षेप शिंगवाल्यावर आहे. "राखणदार शिवेर बरो, घरात कित्याक?" असं म्हणाल्या. गुरुजी, याला उत्तर आहे का? आणि कुत्र्याचं कुणीच काही बोललं नाही.

काम सुरू करण्याआधी एवढं सांगा, मी नेहमी फेविकॉलने हार्डबोर्डवर चिकटवून वर काच लावते. इथे चालेल?

शाईचे_हात

नाही!! फेविकॉल नको, लॅमिनेशन तर नकोच, सेलोटेपही नको. जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, आणि चित्र फक्त वरच्या कडेने माउंटला टांगायचं, म्हणजे हवेतल्या दमटपणाबरोबर कागद फुगला-आकसला तरी सुरकुतणार नाही. माउंट आम्लरहित. तो जाड असला की काच कागदाला टेकत नाही, टेकली तर जुलैत तिथेच बुरशी धरते. हार्डबोर्ड कागदाला लागू देऊ नका, त्यातलं आम्ल कागद पिवळा करतं. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे लावा, भिंतीपासून थोडी हवा खेळेल. आणि गृहस्थांना सांगा, बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीवर टांगू नका. पावसाळ्यात जांभा पाणी पितो. आतली भिंत, समोर ऊन नसलेली.

तपकिरी डागाला घरी हात लावू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचा विभाग आहे, तिथे विचारता येईल. तोपर्यंत अक्षरांच्या जागेचा 1200 डीपीआयवर स्कॅन करून इथे टाका. गोंदाखाली शाई असेल तर संगणकावर थोडी उजळून बघते.

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर

आजींना सांगा, शिंगवाला चित्रातही शिवेवरच आहे, पार टोकाला, आणि सगळी मंडळी त्याच्याकडे पाठ करून चाललीत. एवढ्यावरही नाही पटलं तर माउंट त्या बाजूने दोन बोटं आत घ्या असं त्या म्हणतील. तसं अजिबात करू नका.

कुत्र्याला सगळे निष्ठा म्हणतात आणि जोडप्याच्या पायाशी असलं की तो अर्थ बसतोही. पण फोटोत नीट बघा, ते ससा पळतोय तिकडे कान टवकारून बघतंय. मी त्याला कुत्रंच म्हणेन.

देवगडचो_झील

म्हणजे ससो वाचलो म्हणान खुश झालंय, तर आता कुत्रो इलो. गुरुजी, ह्या बरा न्हय.